बघून बोलायचं

त्या घरात दिवेलागण व्हायची ती एका शब्दानं. बाहेरच्या खोलीतून नानांचा खणखणीत आवाज यायचा, "रिकामी!" स्वयंपाकघरातून उत्तर जायचं, "रिकामी!" आणि मग दिवे लागायचे. नव्या माणसाला वाटावं, हे काय खूळ आहे बाबा? घरच्यांना त्याचं काहीच वाटत नसे. आपल्याच घरातल्या घड्याळाची टिकटिक कुणाला ऐकू येते का? तसंच ते.

नाना म्हणजे घरातले म्हातारे, आतून उत्तर देणाऱ्या सुनेचे सासरे. उभी हयात एका बँकेच्या दारात काढलेली, खांद्याला दुनळी बंदूक अडकवून. बंदूक बँकेची नव्हे हं, नानांची स्वतःची. परवाना त्यांच्या नावावर, आणि नोकरीही त्या परवान्याच्या जोरावरच लागलेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे "बंदूकवाले नाना"च म्हणत. आणि गंमत अशी की इतक्या वर्षांत त्यांनी माणसावर एक बार काढला नव्हता. हीच त्यांची सगळ्यात मोठी फुशारकी. "चाप ओढायची पाळी आली, म्हणजे आपण आधी कुठंतरी झोपा काढल्या," असं म्हणायचे आणि मिशीवरून बोट फिरवायचे.

तो "रिकामी"चा प्रकारही बँकेतूनच घरी आलेला. तिथं राखणदारांची पाळी बदलताना जाणारा माणूस लोकांकडे पाठ करायचा, भिंतीकडे तोंड करून बंदूक बिजागरीवर मधोमध मोडून उघडायचा, दोन्ही काडतुसं काढायचा, नळ्यांतून बघायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "रिकामी!" पण एकट्याचा शब्द तिथं चालत नसे. येणारा माणूस त्याच्या खांद्याशी जाऊन उभा राहायचा, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा आणि मगच तोंड उघडायचा. आणि दुसऱ्याच्या तोंडून जर निघालं "भरलेली", तर पहिला माणूस कितीही जुना असो, कितीही मानाचा असो, त्यानं बंदूक टेबलावर ठेवायची, दोन पावलं मागं सरायचं आणि हात पाठीशी बांधून उभं राहायचं. त्या बंदुकीला त्यानं पुन्हा हात लावायचा नाही. सबब नाही, हुज्जत नाही.

घरी ही दुसरी नजर होती नानांच्या बायकोची. ती ओले हात पुसत यायची, एक डोळा मिटून नळीतून खिडकीबाहेरचं आभाळ बघायची, "रिकामी" म्हणायची आणि परत आपल्या कामाला लागायची. "आमच्या घरातला वरचा अधिकारी आहे हा," असं नाना आल्यागेल्याला सांगायचे. ती गेली आणि ते काम सुनेच्या वाट्याला आलं.

सून सुरुवातीला नेमानं उठून जायची. पुढं तिला बाटल्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. कामावरून यायचं, हातपाय धुवायचे, लगेच चुलीशी उभं राहायचं, त्यात कुकरची शिट्टी, त्यात पोरीची भुणभुण. कधीतरी एका संध्याकाळी तिनं जागेवरूनच आवाज दिला, "रिकामी!" नानांनी काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशीही तिनं तसंच केलं. अशा गोष्टी एकदा सुरू झाल्या की थांबतात होय? आणि हल्ली तर शाळेत जाऊ लागलेली नात, जिला सगळे चिमणी म्हणत, तीही या खेळात शिरली होती. आईच्या आधी तीच ओरडायची, "लिकामी!" आणि सगळं घर हसायचं. नानासुद्धा.

आता या सुनेचं कारखान्यातलं काम काय होतं तेही ऐका. धुऊन आलेल्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत यायच्या, पाठीमागं लख्ख उजेडाचा पडदा, आणि हिनं त्यासमोर बसून बघायचं, की बाटलीत काही राहिलंय का. काचेचा कण, कागदाचा कपटा, एखादी मेलेली माशी. दिसली की उचलून बाजूला. तिथं नियम असा, की थोडा वेळ झाला की खुर्ची सोडायची, दुसरीनं बसायचं. कारण सारखं बघितलं की नजर मरते. हा तिथल्या बायकांचाच शब्द. डोळे उघडे असतात, बाटल्या दिसत असतात, पण आपण बघत नसतो. "नजर मेली गं," असं एकीनं म्हटलं की दुसरी न बोलता उठून तिची जागा घ्यायची. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. चांगल्यातल्या चांगलीची मरते.

गेल्या वर्षभरात नाना विसरायला लागले होते. चष्मा कुठं ठेवला, जेवण झालं की नाही, हे तर झालंच. पण एकेका सकाळी उठून जुना खाकी सदरा चढवायचे, बंदूक भिंतीवरच्या दोन खुंट्यांवरून काढायचे आणि दाराच्या आत खुर्ची टाकून बसायचे. कुठं निघालात विचारलं तर म्हणायचे, "ड्यूटीवर." घरातले हसायचे. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी विरंगुळा नको का? काडतुसांचा पत्र्याचा डबा नानांच्या उशाशीच असायचा. ते बंदूक भरतात, की नुसतेच घेऊन बसतात, हे कुणी विचारलं नाही.

अशातच सरकारनं नवा नियम काढला. झालं होतं असं, की शहराच्या दुसऱ्या टोकाला गाडी कुठं लावायची यावरून दोन शेजाऱ्यांची जुंपली आणि एकानं घरात जाऊन आपली परवान्याची बंदूक आणली. शेजारी जागच्या जागी गेला. गोळी झाडणारा माणूस चांगला होता हो, चारचौघांत ऊठबस असलेला. त्याची बायको मागाहून म्हणाली, "मला कितीतरी दिवसांपासून या माणसाची भीती वाटत होती." मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही." त्या एका वाक्यानं सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. तेव्हापासून ठरलं, की परवाना पुढं चालू ठेवायचा असेल तर अधिकारी घरी येणार, बंदूक कशी ठेवता ते बघणार आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकेकटं गाठून विचारणार. एकानं जरी नाही म्हटलं, तरी बंदूक जमा.

नानांच्या परवान्याची मुदत संपत आली होती. अधिकारी बाई येणार असल्याचा निरोप आला आणि नाना नवरदेवासारखे तयारीला लागले. दस्ता तेलानं पुसला, नळ्या चिंधीनं घासल्या, खाकी सदऱ्याला इस्त्री केली. "येऊ देत! आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

त्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी कुकर शिट्ट्या मारत होता. बाहेरून "रिकामी!" आलं, चिमणीचं "लिकामी!" गेलं, पाठोपाठ हिचंही गेलं. मग नाना गल्लीत पाय मोकळे करायला गेले. थोड्या वेळानं ही बाहेरच्या खोलीत येऊन बघते, तर चिमणी खुर्चीवर चढलेली. भिंतीवर चित्र चिकटवत होती. चित्रात मिशीवाले आजोबा आणि आजोबांच्या दुप्पट मोठी बंदूक. आणि तिचं डोकं बरोबर खुंट्यांवरच्या खऱ्या बंदुकीच्या तोंडासमोर.

"उतर आधी खाली!"

"आजोबांनाच दाखवायचंय," असं म्हणून चिमणी फुरंगटली, पण उतरली. हिनं बंदूक दुसरीकडे ठेवावी म्हणून उचलली आणि कोण जाणे काय मनात आलं, कितीतरी दिवसांनी तिनं खटका सरकवला आणि बंदूक मोडली. उजवी नळी मोकळी होती. डाव्या नळीत पितळेचा गोल चकाकत होता.

आपण आत्ता, याच तोंडानं, काय बोललो? खुर्चीवर पोर उभी होती. बंदूक धक्का लागून पडली असती तर? पोरीनं हात लावला असता तर? तिनं काडतूस काढलं, ते डब्यात टाकलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"आई, लिकामी?" चिमणीनं विचारलं.

"हो गं," ती म्हणाली. "आता रिकामी."

सकाळी नवरा कामाला निघण्याआधी डबा भरता भरता तिनं त्याला सांगितलं. तो मोटारी दुरुस्त करणारा माणूस, हात सदा ग्रीसनं काळे, स्वभावानं सरळ. पण बापाची गोष्ट निघाली की त्याचं डोकं फिरायचं.

"एकदा विसरले असतील. माणूसच आहे."

"एकदाच विसरले हे कशावरून? मी इतके दिवस बघतच नव्हते."

"मग चूक कुणाची?" तो ताडकन म्हणाला. "बघायचं काम तुझं होतं ना? आईच्या वेळी झालं का कधी असं?"

हे तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. खोट्या बोलण्याला माणूस दहा उत्तरं देतं, खऱ्याला काय देणार?

त्याला वाटलं आपण फार बोललो. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, आई गेली, नोकरी गेली, आता डोकंही निघालंय. त्यांच्याकडे उरलंय काय? गल्लीतला शेंबडा पोरगासुद्धा त्यांना 'बंदूकवाले नाना' म्हणतो. ती काढून घेतलीस तर ते खाटेवरून उठायचे नाहीत. बाईंना म्हण, काही अडचण नाही. काडतुसांचा डबा मी कुलपात ठेवतो. झालं?"

"आणि ते किल्ली मागतील तेव्हा? तुम्ही देणार नाही?"

बापानं हात पुढं केला तर आपण किल्ली देऊ, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जेवणाचा डबा उचलून तो निघून गेला.

मग तिनं नानांनाच गाठलं. ते चिंधी घेऊन बंदूक पुसत बसले होते. "नाना, एक बोलू? हे जोखमीचं काम आता कशाला? ही जमाच करून टाकू या का?"

नाना आधी हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू गेलं. "सूनबाई, या हातांनी कधी मुंगीला इजा केली नाही. मी डोळ्यात तेल घालून उभा राहायचो म्हणून लोक निवांत झोपायचे. आणि आज माझ्याच घरात माझी भीती?" त्यांनी चिंधी खाली ठेवली. "तुझ्या सासूनं कधी असा शब्द काढला नव्हता."

पुढं बोलायचा तिला धीर झाला नाही. नाना तिला पोटच्या पोरीसारखं वागवायचे. ती आजारी पडली तेव्हा याच माणसानं तिच्या उशाशी बसून तिला वाटीनं पेज पाजली होती. आता त्याच माणसाच्या हातातली शेवटची चीज काढून घ्यायची, आणि तीही स्वतःच्या तोंडानं? आणि नाही काढून घेतली तर? तर चिमणी त्या खुर्चीवर पुन्हा चढणार होतीच.

अधिकारी बाई आल्या त्या घामाघूम होऊन. डोक्यावरचं हेल्मेट काढलं, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "जिना फार उंच आहे हो तुमचा." माणूस साधं होतं. नाना इस्त्रीचा सदरा घालून ताठ उभे होते. बाईंना त्यांनी कडक सलाम ठोकला. "या, साहेब!"

आधी बाईंनी नवऱ्याला गॅलरीत नेऊन विचारलं. मग त्या स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं.

"तुम्ही काय म्हणता? या घरात बंदूक असावी असं तुम्हाला वाटतं का?"

पलीकडून नानांच्या बुटांचा आवाज येत होता. येरझाऱ्या घालत होते. तिनं बोलायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते सवयीचंच, कधीपासून पाठ झाल्यासारखं. "काही अडचण नाही."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "नक्की?"

"नक्की," ती म्हणाली आणि ओट्यावरचं स्वच्छ भांडं पुन्हा पुसायला लागली. त्या क्षणी तिला स्वतःची इतकी चीड आली, की ते भांडं भिंतीवर आपटावंसं वाटलं. कुणी विचारलंच नाही, असं त्या गोळी झाडणाऱ्याची बायको म्हणाली होती. हिला तर विचारलं होतं.

सगळे बाहेरच्या खोलीत जमले. बाई खुर्चीवर बसल्या, नवरा दाराला टेकला, चिमणी कोपऱ्यात जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. "आजोबा, बंदूक रोज कशी ठेवता, ते एकदा दाखवा," बाई म्हणाल्या.

नानांना तेच तर हवं होतं. त्यांनी बंदूक खुंट्यांवरून उतरवली, सगळ्यांकडे पाठ करून खिडकीकडे तोंड केलं आणि खटका सरकवला. डब्यात काडतूस टाकल्याचा आवाज झाला तशा बाई चमकल्या. "अहो, भरून ठेवली होतीत?"

"तुम्ही येणार म्हणून, साहेब! तपासणीला ड्यूटीच्या तयारीतच उभं राहायचं असतं." नानांनी मान मागं वळवली. "आमचा एक उस्ताद होता. मला हे काम त्यानंच शिकवलं. बंदूक कशी धरायची इथपासून दारात उभं कसं राहायचं इथपर्यंत. बापासारखा माणूस. एके दिवशी पाळी बदलताना तो म्हणाला, रिकामी. मी जाऊन बघितलं, तर एक काडतूस आत. आता बोलू कसं? माझी जीभ उचलेना. पण बोललो, भरलेली! उस्तादानं माझ्याकडे एकदा बघितलं, बंदूक टेबलावर ठेवली, दोन पावलं मागं गेला. परत कधी बंदूक उचलली नाही त्यानं." नानांचा आवाज जड झाला. "मला वाटलं, आता जन्मभर बोलणार नाही माझ्याशी. तर जाता जाता पाठीवर हात ठेवून म्हणाला, पोरा, आज तू राखणदार झालास."

बाईसुद्धा लिहायचं थांबून ऐकत होत्या. नानांनी घसा खाकरला, पुन्हा खिडकीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाज दिला.

"रिकामी!"

"लिकामी!" कोपऱ्यातून चिमणी ओरडली. तिनं मानही वर केली नव्हती. निळ्या खडूनं ती आभाळ रंगवत होती.

बाईंनी दचकून त्या पोरीकडे पाहिलं. नवरा जमिनीकडे बघायला लागला. आणि हिला कळलं, की आपण आपल्या लेकराला काय शिकवून ठेवलंय. डब्यात आवाज एकदाच झाला होता. एकदाच. तो तिनं ऐकला होता, बहुधा सगळ्यांनीच ऐकला होता, आणि सगळे गोष्ट ऐकत बसले होते.

ती उठली. नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "अगं..." तिनं तिकडे पाहिलं नाही. ती नानांच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली, सासू राहायची तिथंच. नानांनी सवयीनं बंदूक थोडी तिच्या बाजूला कलती केली. उजव्या नळीतून खिडकीबाहेरचं आभाळ दिसत होतं. डाव्या नळीत आभाळ नव्हतं.

नाना वाट बघत होते. त्यांच्या सदऱ्याला इस्त्रीचा वास येत होता, गालावर दाढी करताना राहून गेलेले दोन पांढरे केस होते. तिला रडू फुटलं. पण आवाज फुटला तो स्पष्ट फुटला.

"भरलेली."

"काय?"

"भरलेली आहे नाना. डावीकडची. बघा."

नानांनी खाली पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. डब्याकडे पाहिलं, परत नळीकडे पाहिलं. एकदा त्यांचे ओठ हलले, आणि वाटलं आता ते काहीतरी बोलतील, रागावतील, की तुम्हीच मला बोलण्यात गुंतवलंत, की तुम्ही लोक कटकट करता. पण नाना तसे नव्हते. त्यांनी ते काडतूस हळूच बाहेर काढलं, डब्यात ठेवलं आणि मोडलेली बंदूक तशीच टेबलावर आडवी ठेवली. मग दोन पावलं मागं सरले, ताठ झाले आणि हात पाठीशी बांधले.

"साहेब," ते बाईंना म्हणाले, "घेऊन जा."

"नाना, अहो बसा तरी..." मुलगा पुढं झाला.

"तू मधे बोलू नकोस," नाना त्याच्याकडे न बघताच म्हणाले. "दुसऱ्यानं सांगितलं, विषय संपला."

"पण मी मघाशी बाईंना म्हणाले होते, की काही अडचण नाही," ती रडत रडत म्हणाली. तिला ते सांगितल्याशिवाय राहवेना. "मी खोटं बोलले होते."

बाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "ते मी लिहिलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही भांडं पुसत होता ना, तेव्हा मी पेन बंद केलं होतं."

बंदूक गेली. जिन्यावरून बाईंच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. नाना खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले, आणि दुपारचं ताट तसंच राहिलं. नवरा पान्हा घेऊन भिंतीवरच्या खुंट्या काढायला लागला, बहुधा नानांना त्या दिसू नयेत म्हणून. एक निघाली, दुसरी निघेना. मग पान्हा हातात तसाच धरून तो हिच्याजवळ येऊन बसला. "मला दिसत होतं गं," तो म्हणाला. "आवाज एकदाच झाला हे मलाही कळलं होतं." आणि हा एवढा थोरला बाप्या तोंड फिरवून डोळे पुसायला लागला.

संध्याकाळ झाली. कुकर लावायचं तिला भान नव्हतं, घर कसं चिडीचूप. तेवढ्यात खाट करकरली. नाना उठले. सवयीनं पाय त्यांना भिंतीपाशी घेऊन गेले आणि तिथं ते नुसतेच उभे राहिले, उरलेल्या एका खुंटीकडे बघत. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. पुढं जावं की नाही तिला कळेना.

"लिकामी!" कोपऱ्यातून चिमणी ओरडली. वेळ झाली होती ना, तिला बिचारीला काय ठाऊक. चित्रातून मान न उचलताच ओरडली.

नाना वळले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जरब आली.

"चिमणे, इकडे ये. असं लांबून ओरडायचं नाही. बघून बोलायचं."

चिमणी खडू टाकून उठली. तिनं खुंटीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग आजोबांचे पाठीशी बांधलेले हात तिनं सोडवले, एकेक करून उताणे केले आणि तळव्यांत नाक खुपसून नीट बघितलं. नानांनी बोटं पसरून धरली होती.

"रिकामी," ती म्हणाली. या खेपेला 'र' बरोबर आला.

नानांनी सुनेकडे पाहिलं. "आणि दुसरी नजर?"

ती ओले हात पुसत पुढं आली, त्यांच्या खांद्याशी उभी राहिली आणि तिनंही बघितलं. मग दिवा लावला.